मेसेज पाठवल्यावर नेमकं काय होतं? दोन फोन घेऊन करून बघा

या लेखासाठी दोन फोन लागतील. एक तुमचा किंवा घरातल्या मोठ्यांचा, दुसरा मित्राचा, मैत्रिणीचा, भावंडाचा, कोणाचाही चालेल. दोन्हींवर एकच मेसेजिंग अ‍ॅप असू द्या. व्हॉट्सअ‍ॅप असेल तर खाली सांगितलेल्या खुणा जशाच्या तशा दिसतील. सिग्नल किंवा टेलिग्राम असेल तर खुणा थोड्या वेगळ्या असतील, पण आतली यंत्रणा बरीचशी तीच. शिवाय एक वही, पेन आणि कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. सगळं एका बैठकीत उरकायची गरज नाही, फक्त क्रम मोडू नका.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या अ‍ॅपांमधला मेसेज तुमच्या फोनमधून समोरच्या फोनमध्ये थेट जात नाही. दोन्ही फोन एकाच टेबलावर शेजारी शेजारी पडलेले असले, तरी तो आधी कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे तिच्या कायम चालू असलेल्या संगणकावर जातो, तो सर्व्हर कदाचित दुसऱ्या खंडात असतो, आणि तिथून परत येतो. वाटेत ज्याच्या ज्याच्या हातात मेसेज पडतो तो मागे "मिळाला" अशी पोच देतो. या पोचा वाचता आल्या, की मेसेज कुठे अडकला आहे हे कोणाला न विचारता सांगता येतं. आपल्याला तेच शिकायचं आहे.

पहिली पायरी: फोनचा पत्ता बघा

दोन्ही फोन आपापल्या घरच्या वाय-फायला जोडा. सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या नावावर दाबलं, की तपशिलात कुठेतरी आयपी पत्ता दिसेल. तो वहीत लिहून घ्या. बहुतेक वेळा तो १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होतो. आता गंमत अशी, की अगदी तोच आकडा जगातल्या असंख्य घरांतल्या फोनांनाही मिळालेला असतो. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण साधारण ४२९ कोटीच आहेत, आणि जगातल्या उपकरणांना ते पुरत नाहीत. म्हणून काही पत्ते फक्त घरातल्या घरात वापरायला राखून ठेवले आहेत. बाहेरच्या जगाला तुमच्या अख्ख्या घराचा एकच पत्ता दिसतो, तो राउटरचा.

याचा अर्थ, तुमचा फोन बाहेर कोणालाही हाक मारू शकतो, पण बाहेरून कोणी तुमच्या फोनला हाक मारू शकत नाही. कारण १९२.१६८ वाला नेमका कोणता, हे बाहेरच्याला कळणार कसं? नवे आयपी पत्ते भरपूर लांब आहेत आणि प्रत्येक उपकरणाला वेगळा पत्ता देता येतो, हे खरं. पण तरी दोन अडचणी उरतातच. फोन घराबाहेर पडला की वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर जातो आणि त्याचा पत्ता बदलतो. आणि फोन बराच वेळ झोपलेला असतो, कधी कधी तर बंदच असतो.

म्हणून मध्ये एक सर्व्हर लागतो. तो जागचा हलत नाही, त्याचा पत्ता कायम असतो, तो चोवीस तास जागा असतो. दोन्ही फोन आपणहून त्याला जोडले जातात आणि ती जोडणी उघडी ठेवतात. समोरच्याला काही द्यायचं असलं, की सर्व्हर त्या आधीच उघडलेल्या वाटेनं ते ढकलतो.

ही यंत्रणा एकदम अशी झाली नाही. १९७३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणक-यंत्रणेवर टॉकोमॅटिक नावाचा गप्पांचा प्रोग्रॅम होता. त्यात समोरचा माणूस टाइप करताना प्रत्येक अक्षर उमटताना दिसायचं, खोडलेलंसुद्धा. (आजच्या अ‍ॅपमध्ये असं झालं तर किती भांडणं होतील याचा विचार करा.) १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यानं आयआरसी नावाची गप्पांची यंत्रणा बनवली. तिथे सर्व्हर होते, खोल्या होत्या, पण तुम्ही त्या वेळी हजर नसाल तर झालेलं बोलणं गेलं ते गेलंच. कोणी ते तुमच्यासाठी जपून ठेवत नसे. १९९६ मध्ये इस्राएलमधल्या मिराबिलिस कंपनीचं आयसीक्यू आलं. त्यात प्रत्येकाला एक क्रमांक मिळायचा आणि ओळखीच्यांपैकी आत्ता ऑनलाइन कोण, ते यादीत दिसायचं. आज तुम्ही वापरता त्या अ‍ॅपचा सांगाडा तिथपासून ओळखीचा वाटू लागतो. आयसीक्यू २०२४ च्या जूनमध्ये बंद झालं. आयआरसी अजून चालू आहे.

दुसरी पायरी: मेसेजचं वजन करा

वहीत लिहा: पोचलीस का?

संगणकाला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. जगातल्या सगळ्या लिप्यांमधल्या प्रत्येक चिन्हाला युनिकोड या पद्धतीनं एक क्रमांक दिलेला आहे, आणि ते क्रमांक पाठवताना बहुतेक ठिकाणी यूटीएफ-८ नावाची रीत वापरतात. तिचा नियम आपल्यापुरता सोपा आहे. इंग्रजी अक्षर, रिकामी जागा किंवा प्रश्नचिन्ह यांना प्रत्येकी १ बाइट (बाइट म्हणजे माहिती मोजायचं एक छोटं माप), देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, आणि साध्या इमोजीला साधारण ४ बाइट.

आता मोजा. इथे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगळं चिन्ह धरायचं. 'पोचलीस'मध्ये प, ओकार, च, ल, दीर्घ वेलांटी, स अशी ६ चिन्हं. 'का'मध्ये २. म्हणजे ८ गुणिले ३, एकूण २४. मधली रिकामी जागा १ आणि प्रश्नचिन्ह १. झाले २६ बाइट. आता 'क्षमा' हा शब्द स्वतः मोजा. उत्तर १५ आलं पाहिजे. नऊ आलं असेल तर 'क्ष' एकच अक्षर धरलंत. आतून ते क, हलन्त आणि ष असं तीन चिन्हांचं आहे.

काही इमोजी तर चक्क जोडाक्षरं असतात. आई, बाबा, मुलगी, मुलगा असं चौघांचं कुटुंब दाखवणारं चित्र चार वेगळे इमोजी आणि त्यांना चिकटवणारी तीन अदृश्य चिन्हं मिळून बनतं. ४ गुणिले ४ अधिक ३ गुणिले ३, म्हणजे २५ बाइट. एखाद्या जुन्या फोनवर हे कुटुंब कधी कधी चार सुट्या चेहऱ्यांत फुटलेलं दिसतं, कारण त्या फोनला चिकटवणं शिकवलेलं नसतं.

हे बाइट नुसते निघत नाहीत. अ‍ॅप त्यांना एक पाकीट घालतं. त्यावर कोणासाठी, कोणाकडून, केव्हा, आणि या मेसेजचा स्वतःचा एक वेगळा क्रमांक असं लिहिलेलं असतं. छोट्या मेसेजचं पाकीट आतल्या मजकुरापेक्षा जड भरतं. त्या क्रमांकाकडे लक्ष ठेवा, चौथ्या पायरीत तोच कामी येणार आहे.

तिसरी पायरी: नेट बंद करून मेसेज पाठवा

पहिल्या फोनवर फ्लाइट मोड लावा. मग वाय-फाय खरंच बंद झालंय का ते बघून घ्या, कारण बऱ्याच फोनांवर फ्लाइट मोड लावूनही ते चालू राहतं आणि प्रयोग फसतो. आता तीन मेसेज पाठवा: एक, दोन, तीन.

तिन्ही तुमच्या पडद्यावर लगेच दिसतील, जणू गेलेच. शेजारी मात्र घड्याळाची छोटी खूण असेल. अ‍ॅपनं मेसेज आधी तुमच्याच फोनमधल्या साठ्यात लिहिला आणि "पाठवायचे बाकी" अशा रांगेत उभा केला. पडद्यावर दिसणं आणि पाठवलं जाणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं काम नेटशिवायही होतं. पाठवायचं बटण दाबल्याबरोबर फोन खिशात टाकणाऱ्यांना "अरे, मी तर कधीच पाठवला होता" असं म्हणावं लागतं ते यामुळेच.

आता फ्लाइट मोड काढा. काही क्षणांत घड्याळं जातील आणि तिन्ही मेसेज क्रमानं सुटतील. त्या काही क्षणांत फोननं बरीच कामं उरकलेली असतात. आधी सर्व्हरच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधला, मग त्याच्याशी जोडणी केली, समोरचा सर्व्हर खराच आहे ना याचं प्रमाणपत्र तपासलं, आणि मग रांगेतला पहिला मेसेज सोडला. या प्रमाणपत्रावर मुदतीच्या तारखा असतात. त्यामुळे फोनची तारीख भलतीच लागलेली असेल तर नेट चालू असूनही अ‍ॅप जोडणी करायला नकार देतं. ही तक्रार वाटते त्यापेक्षा जास्त वेळा येते, आणि इलाज मात्र तारीख आपोआप घेण्याचा पर्याय चालू करणं एवढाच.

इंटरनेटवर सगळं काही छोट्या पॅकेटांमधून जातं. एका पॅकेटमध्ये साधारण १५०० बाइट मावतात, म्हणजे आपला २६ बाइटांचा मेसेज पाकिटासकट एकाच पॅकेटात बसतो. तीन लाख बाइटांचा फोटो मात्र दोनशेहून अधिक पॅकेटांत विभागला जातो. वाटेत एखादं हरवलं तर ते पुन्हा मागवणं आणि सगळी क्रमानं लावणं हे काम टीसीपी नावाचे नियम करतात.

वेगाचं म्हणाल तर काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. समुद्राखालच्या केबलमधून दहा हजार किलोमीटर कापायला सेकंदाचा विसावा भाग पुरतो. तेव्हा मेसेजला उशीर झाला तर दोष अंतराचा नसतो. तो बहुतेक वेळा सुरुवातीच्या किंवा शेवटच्या काही मीटरांत, म्हणजे एखाद्या फोन आणि त्याच्या टॉवर किंवा राउटरमध्ये असतो.

चौथी पायरी: टिका वाचायला शिका

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, घाई करू नका.

दुसरा फोन फ्लाइट मोडवर टाका. पहिल्या फोनवरून मेसेज पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर एक राखाडी टिक येईल आणि तिथेच थांबेल. मेसेज सर्व्हरपर्यंत पोचला, सर्व्हरनं तुम्हाला पोच दिली, पण पुढच्या फोनपर्यंत वाट नाही. सर्व्हर तो मेसेज धरून बसतो. व्हॉट्सअ‍ॅपचा सर्व्हर असा न पोचलेला मेसेज ३० दिवस ठेवतो आणि मग पुसून टाकतो.

दुसऱ्या फोनचा फ्लाइट मोड काढा, पण अ‍ॅप उघडू नका. पहिल्या फोनवर दुसरी टिक येईल. ही पोच दुसऱ्या फोननं दिलेली आहे, माणसानं नव्हे. फोन खिशात असला, मालक झोपलेला असला, तरी दोन टिका येतात.

आता खरी मजा. आणखी एक मेसेज पाठवा आणि दोन राखाडी टिका येऊ द्या. मग दुसऱ्या फोनवर पुन्हा फ्लाइट मोड लावा आणि त्यानंतर अ‍ॅप उघडून मेसेज वाचा. पहिल्या फोनवर बघा. टिका राखाडीच राहतील. मेसेज वाचून झालाय, पण निळी टिक नाही. फ्लाइट मोड काढला की थोड्या वेळात निळ्या होतील.

यावरून काय दिसलं? 'वाचला' ही खबर म्हणजेच एक छोटा मेसेज आहे. तोही रांगेत उभा राहतो, त्यालाही नेट लागतं, तोही सर्व्हरमार्गेच उलटा येतो. प्रत्येक टिक ही उलट दिशेनं आलेली डाक आहे. त्यामुळे टिक आली तर घटना नक्की घडली, पण टिक आली नाही तर घटना घडलीच नाही असं म्हणता येत नाही. "तू वाचून उत्तर दिलं नाहीस" आणि "तुला मिळालाच नाही का" या दोन्ही भांडणांआधी हे आठवा. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर वाचल्याच्या खुणा सेटिंगमधून बंद करता येतात. तसं केलं तर तुम्हाला दुसऱ्यांच्याही दिसत नाहीत. ग्रुपमध्ये मात्र त्या बंद होत नाहीत.

वेगवेगळ्या अ‍ॅपांत टिकांचा अर्थ वेगळा असतो हेही लक्षात ठेवा. टेलिग्रामवर एक टिक म्हणजे सर्व्हरवर पोचला आणि दोन म्हणजे थेट वाचला. मधला 'फोनपर्यंत पोचला' हा टप्पा तिथे दाखवतच नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपची सवय असलेला माणूस टेलिग्रामवर हमखास गोंधळतो.

आता थोडं अवघड, पण मला स्वतःला या विषयातलं सगळ्यात आवडतं ते हेच. समजा मेसेज सर्व्हरवर पोचला, सर्व्हरनं पोच पाठवली, आणि ती पोच वाटेतच हरवली. तुमच्या फोनला काय कळेल? काहीच नाही. मेसेज हरवला की पोच हरवली, हे त्याला इथून सांगताच येत नाही. संगणकशास्त्रात याला दोन सेनापतींचं कोडं म्हणतात. दोन डोंगरांवरच्या दोन सैन्यांना एकाच वेळी हल्ला करायचा आहे, मधल्या दरीत निरोप्या पकडला जाऊ शकतो, आणि कितीही पोचा, पोचांच्या पोचा पाठवल्या तरी दोघांची पूर्ण खात्री कधीच होत नाही. हे अशक्य आहे असं गणितानं सिद्ध झालेलं आहे.

मग अ‍ॅपं चालतात कशी? ती खात्रीचा नाद सोडतात आणि पुन्हा पाठवतात. पोच आली नाही, पाठव परत. त्यामुळे एकच मेसेज सर्व्हरकडे दोनदा जाऊ शकतो. इथे पाकिटावरचा तो क्रमांक कामाला येतो. या क्रमांकाचा मेसेज आधीच मिळालाय असं दिसलं, की दुसरी प्रत गुपचूप टाकून दिली जाते आणि पोच मात्र पुन्हा पाठवली जाते. नेट खराब असताना तुमचा 'बरं' समोर चार वेळा उमटत नाही, ते या एका आकड्यामुळे.

पाचवी पायरी: झोपलेल्या फोनला उठवा

दुसऱ्या फोनवर अ‍ॅप बंद करा, पडदा बंद करा, दहा मिनिटं तसाच ठेवा. मग मेसेज पाठवा. नोटिफिकेशन येईल. अ‍ॅप बंद असताना ते ऐकत कोण होतं?

प्रत्येक अ‍ॅपनं आपापली जोडणी सतत उघडी ठेवली तर बॅटरी दुपारपर्यंतसुद्धा टिकणार नाही. म्हणून फोनची मूळ प्रणाली सगळ्या अ‍ॅपांच्या वतीनं एकच जोडणी उघडी ठेवते. आयफोनवर ती अ‍ॅपलच्या सर्व्हरशी असते, बहुतेक अँड्रॉइड फोनांवर गूगलच्या. अ‍ॅपलनं ही सोय २००९ मध्ये सुरू केली. मेसेजिंग कंपनीचा सर्व्हर अ‍ॅपलला किंवा गूगलला सांगतो, "या फोनला जागं करा." ते फोनला इशारा देतात, अ‍ॅप जागं होतं, आपल्या सर्व्हरकडे जाऊन मेसेज घेऊन येतं. हा इशारा छोटाच असावा लागतो, जास्तीत जास्त ४०९६ बाइटांचा. ती उघडी जोडणी राउटरनं निकामी समजून तोडू नये, म्हणून फोन मधूनमधून "मी आहे" एवढंच सांगणारं चिमुकलं पॅकेट पाठवत राहतो.

"अ‍ॅप उघडल्यावरच मेसेज येतात" ही तक्रार असेल तर ती याच पायरीवरची आहे. बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगनं अ‍ॅपला मागे चालायला बंदी घातलेली असते, किंवा अँड्रॉइडवर कोणीतरी ते 'फोर्स स्टॉप' केलेलं असतं. फोर्स स्टॉप केलेलं अ‍ॅप तुम्ही हातानं उघडेपर्यंत इशारा ऐकत नाही.

सहावी पायरी: कुलूप समजून घ्या, कॅल्क्युलेटरसकट

मेसेज सर्व्हरमार्गे जातो, तर मग सर्व्हरवाले वाचतात का? ते कुलूप कुठे लावलंय यावर ठरतं.

एक पद्धत अशी, की तुमच्या फोनपासून सर्व्हरपर्यंतची वाट बंदिस्त, आणि सर्व्हरपासून समोरच्या फोनपर्यंतची वाट वेगळी बंदिस्त. वाटेतल्या चोराला काही दिसत नाही, पण सर्व्हरवर मेसेज उघडा होतो. टेलिग्रामच्या नेहमीच्या चॅट अशा असतात. तिथल्या 'सीक्रेट चॅट' वेगळ्या. दुसरी पद्धत म्हणजे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन. इथे मेसेज तुमच्या फोनमध्ये बंद होतो तो समोरच्या फोनमध्येच उघडतो. सर्व्हर अगम्य बाइट पुढे सरकवतो, बस. सिग्नल असंच चालतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपनं सिग्नलचीच पद्धत घेऊन २०१६ च्या एप्रिलमध्ये सगळ्यांसाठी ती लागू केली.

यात एक अडचण लगेच सुचायला हवी. दोघांकडे सारखीच किल्ली हवी, पण किल्ली पाठवायची तर तीही सर्व्हरमार्गेच जाणार. मग सर्व्हर तिची नक्कल करून ठेवेल! १९७६ मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी यावर जी युक्ती प्रसिद्ध केली ती तुम्ही आत्ता वहीत करू शकता.

दोन आकडे सगळ्यांना जाहीर सांगा: ३ आणि १७. आता तुम्ही मनात एक गुप्त आकडा धरा, समजा ६. तुमच्या मैत्रिणीनं धरला ७. कोणीही आपला आकडा सांगायचा नाही.

तुम्ही ३ चा सहावा घात काढा: ७२९. त्याला १७ नं भागा, बाकी १५. हा १५ मोठ्यानं सांगा.

मैत्रीण ३ चा सातवा घात काढते: २१८७. १७ नं भागून बाकी ११. ती ११ मोठ्यानं सांगते.

आता तुम्ही तिच्या ११ चा सहावा घात काढा, कारण तुमचा गुप्त आकडा ६ आहे. येतात १७,७१,५६१. १७ नं भागा, बाकी ८. ती तुमच्या १५ चा सातवा घात काढते, १७,०८,५९,३७५. १७ नं भागून बाकी ८.

दोघांकडेही ८ आला, आणि तो आठ कोणीच कोणाला पाठवला नाही. शेजारी बसून सगळं ऐकणाऱ्याला ३, १७, १५ आणि ११ एवढंच मिळालं. इतक्या छोट्या आकड्यांत तो प्रयत्न करून करून आठ शोधून काढेल. पण १७ च्या जागी शेकडो अंकी आकडा घेतला तर आजच्या संगणकांना ते व्यवहारात शक्य नाही. खऱ्या अ‍ॅपांत याच युक्तीचा वक्ररेषांच्या गणितावर बेतलेला प्रकार वापरतात, आणि सिग्नलच्या पद्धतीत प्रत्येक मेसेजची किल्ली नवी असते. एखादी किल्ली कोणाच्या हाती लागली तरी तिनं जुने मेसेज उघडत नाहीत.

एक पळवाट उरते. मध्ये बसलेल्या सर्व्हरनं तुम्हाला मैत्रिणीच्या ११ ऐवजी स्वतःचाच आकडा दिला तर? तुम्ही त्याच्याशी किल्ली बनवून बसाल. म्हणून तपासायची सोय असते. दोन्ही फोन समोरासमोर ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर चॅटच्या वरच्या नावावर दाबा, एन्क्रिप्शनवर दाबा. ६० अंकी आकडा दिसेल. दोन्ही फोनांवर तो सारखा आहे ना ते ताडून बघा, किंवा एकानं दुसऱ्याचा क्यूआर कोड स्कॅन करा. सारखा असला तर मध्ये कोणी घुसलेलं नाही. मैत्रिणीनं नवा फोन घेतला की हा आकडा बदलतो, आणि चॅटमध्ये तशी सूचनाही येऊ शकते. तेव्हा दचकू नका, पण तिला विचारून घ्या.

या कुलुपाबाहेर काय काय राहतं तेही माहीत असू द्या. तुम्ही कोणाशी, कधी, किती वेळा बोलता हे पोचवण्याचं काम करणाऱ्याला बऱ्याच अंशी दिसतंच. चॅटचा बॅकअप दुसरीकडे साठवला आणि त्याला वेगळं कुलूप लावलं नाही, तर तो उघडाच. आणि समोरच्या पडद्यावर मेसेज उघडल्यावर तो कोण वाचतंय यावर गणिताचा काही ताबा नाही.

सातवी पायरी: फोटो आणि ग्रुप

फोटो मेसेजच्या वाटेनं जात नाही. एंड-टू-एंड पद्धतीत तुमचा फोन फोटोला नव्या किल्लीनं कुलूप लावतो, तो जड गठ्ठा एका साठवणुकीच्या सर्व्हरवर चढवतो, आणि मेसेजमधून फक्त त्याचा पत्ता आणि किल्ली पाठवतो. सोबत एक अगदी बारीक, धूसर चित्र असतं. समोर आधी धुरकट चौकोन दिसतो आणि दाबल्यावर फोटो स्पष्ट होतो, तो यामुळे. मोठा व्हिडिओ अडकलेला असताना साधा मजकूर मात्र सहज जातो, याचंही कारण हेच.

ग्रुपमध्ये एक मेसेज सर्व्हर सगळ्यांना वाटतो. पोचा मात्र प्रत्येकाकडून वेगळ्या येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुपमधली दुसरी टिक सगळ्यांच्या फोनवर पोचल्याशिवाय येत नाही, आणि निळी सगळ्यांनी वाचल्याशिवाय होत नाही. ज्या ग्रुपमध्ये एकाचाही फोन कपाटात बंद पडलेला आहे, तिथे एकच टिक कायम राहते. मेसेज दाबून धरला की माहितीमध्ये कोणाला पोचला, कोणी वाचला ते नावानिशी दिसतं. करून बघा.

'टायपिंग…' आणि 'ऑनलाइन' या खबरा मात्र कोणी साठवत नाही. त्या क्षणी पोचल्या तर पोचल्या. म्हणून 'टायपिंग' दिसून गायब झालं तर त्यातून फार अर्थ काढू नका. माणसानं खोडलं असेल, किंवा नुसतं नेट गेलं असेल.

अडकला तर कुठे बघायचं

घड्याळ दिसतंय: अडचण तुमच्याकडे. ब्राउझरमध्ये एखादं पान उघडून नेट तपासा, मग फोनची तारीख.

एक टिक: मेसेज सर्व्हरवर आहे. समोरचा फोन बंद आहे, नेटबाहेर आहे, किंवा त्यांनी तुम्हाला ब्लॉक केलं आहे. यातलं नेमकं कोणतं ते टिकेवरून कळत नाही, आणि ते मुद्दामच तसं ठेवलं आहे. पुन्हा पुन्हा तोच मेसेज पाठवून काही होणार नाही, फोन करा.

दोन टिका, पण समोरचा म्हणतो नोटिफिकेशन आलंच नाही: त्याच्या फोनची बॅटरी-सेटिंग आणि नोटिफिकेशनची परवानगी बघा.

एका अ‍ॅपवरून दुसऱ्या अ‍ॅपवर मेसेज जात नाही: तो बिघाड नाही. ईमेल कुठल्याही कंपनीतून कुठल्याही कंपनीला जातो, कारण सगळे एकच नियम पाळतात. मेसेजिंगसाठीही १९९९ पासून जॅबर नावाची तशीच खुली पद्धत आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा सर्व्हरसुद्धा सुरुवातीला तिच्यासाठी लिहिलेल्या एका खुल्या सॉफ्टवेअरवर उभा होता. पण मोठ्या कंपन्यांनी आपापली दारं बंद ठेवली. माझ्या मते ही यंत्रणेतली सगळ्यात खटकणारी गोष्ट आहे, आणि तिचं कारण तांत्रिक नाही. युरोपियन युनियननं आता कायद्यानं मोठ्या अ‍ॅपांना दार उघडायला लावलं आहे. त्या कायद्याची बंधनं २०२४ च्या मार्चपासून लागू झाली.

स्वतःचं खातं उघडण्याआधी

वयाची अट आधी बघा. व्हॉट्सअ‍ॅपला किमान १३ वर्षं लागतात. नोंदणी करताना फोनवर जो सहा अंकी कोड येतो, त्यावरूनच सर्व्हर ठरवतो की हा नंबर या फोनचा. म्हणजे तो कोड ज्याला मिळाला त्याच्या फोनवर तुमचं खातं उघडतं. "चुकून माझा कोड तुझ्याकडे आलाय, पाठव ना" असा मेसेज आला, अगदी मित्राच्या नावानं आला, तरी तो कोड द्यायचा नाही. मित्राचं खातं आधीच कोणाच्या तरी हातात गेलेलं असू शकतं. सेटिंग्जमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून स्वतःचा पिन ठेवा. 'लिंक्ड डिव्हाइसेस'ची यादी अधूनमधून उघडा, आणि तिथे अनोळखी संगणक दिसला तर लगेच लॉग आउट करा.

शेवटचा प्रयोग. दुसरा फोन फ्लाइट मोडवर टाकायच्या आधी त्यावर एक मेसेज पोचू द्या. मग फ्लाइट मोड लावा आणि पहिल्या फोनवरून तो मेसेज 'सगळ्यांसाठी डिलीट' करा. तुमच्याकडून तो गेला. दुसऱ्या फोनवर जाऊन बघा, तिथे तो तसाच आहे आणि निवांत वाचता येतो. डिलीट म्हणजेही एक मेसेजच, "अमुक क्रमांकाचा मेसेज पुसून टाक" असं सांगणारा, आणि तो सर्व्हरवर दुसऱ्या फोनची वाट बघत थांबला आहे. फ्लाइट मोड काढल्यावर तो पोचेल आणि मेसेज पुसला जाईल. तोवर कोणी स्क्रीनशॉट काढला असेल, तर त्या चित्राला कुठलाच क्रमांक नसतो.